इबूच्या गळ्यातलं बेट

एका शनिवारी सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून रुगाया बिंती जाफर नावाची कोणी बाई वारल्याचं बासिरने ऐकलं. त्याने तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटली आणि हातातली साबूच्या पिठाची कडक भाकरी पुन्हा चहात बुडवली. दुपारी तो नेहमीसारखा धक्क्यावर गेला, तर इबूच्या कढईवर फडकं झाकलेलं. शेजारच्या नारळवाल्याने सांगितलं तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की सकाळी आपण जिच्यासाठी दुवा केली ती हीच.

इतकी वर्षं तिच्या हातची तळलेली केळी खाल्ली आणि नाव मात्र भोंग्याने सांगावं लागलं, हे त्याच्या मनाला लागून राहिलं. इबू म्हणजे आई. तेर्नाते बेटाच्या धक्क्यावर कुठल्याही पोक्त बाईला इबूच म्हणतात. पण कोणी नुसतं "इबूकडे जाऊन येतो" म्हणालं, की कुठली इबू हे विचारावं लागत नसे. त्यामुळे नावाची गरजच पडली नाही. तिला नवरा होता की नव्हता, मुलंबाळं होती का, ती मूळची कुठल्या बेटावरची, यातलं काहीच बासिरला ठाऊक नव्हतं. तेल उडून तिची डावी भुवई अर्धी जळाली होती आणि हसताना ती उरलेली अर्धी वर जायची, एवढं मात्र तो शपथेवर सांगू शकला असता.

बासिर काही दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावणारा माणूस नव्हे. जन्मभर त्याने एका व्यापाऱ्याच्या वखारीत लवंग तोलली. नजर काट्यावर ठेवायची, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही तिथली शिस्त त्याच्या हाडात मुरली होती. वखार सुटली तरी सवय सुटली नाही. इबूशी बोलतानाही तो बहुतेक कढईकडेच बघत असे. तेव्हा तिच्याविषयी त्याला जे सांगता येतं ते दगडांच्या प्रदर्शनाच्या त्या एका दिवसाचं, आणि त्याच्या आधीच्या काही महिन्यांचं. बाकीचं अंदाजाचं आहे, आणि बासिरचे अंदाज फार वेळा चुकत आलेले आहेत.

ते वर्ष दगडांचं होतं. गावात ज्याच्या त्याच्या बोटात अंगठी आणि अंगठीत बाचान बेटावरचा दगड. शाळेतले मास्तर, रिक्षावाले, पोलीस, मासे विकणारे, सगळे चहाच्या टपरीवर बसून एकमेकांच्या बोटांवर छोट्या बॅटऱ्या मारत. बाचानकडचा दगड जिवंत असतो, हे तिकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. खाणीतून येतो तेव्हा तो तव्याच्या बुडासारखा काळा असतो. माणसाच्या अंगावर राहिला, घाम प्यायला, की हळूहळू पिकतो. काळ्याचा गडद हिरवा होतो, हिरव्यात उजेड शिरतो, आणि ज्याचं नशीब थोर त्याचा शेवटी काचेसारखा साफ होतो. मात्र त्याला वर्षं लागतात. आणि दगड घेणाऱ्याला धीर नसतो.

म्हणून लोक आपले दगड इबूकडे आणून देत.

इबू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चुलीपाशी उभी असायची. बदकाच्या चोचीसारखी वाकडी असतात ती केळी ती पातळ चिरून कढईत सोडायची आणि मिरचीच्या झणझणीत ठेच्याबरोबर द्यायची. तिच्या गळ्यात एक जाड काळी दोरी असे, आणि दोरीला, पोलक्याच्या आत, लोकांचे दगड. ती वाकली की आतून किणकिण ऐकू यायची. लोक म्हणत, सूर्य गामालामा डोंगरामागे गेला तरी इबूच्या छातीवरचं ऊन काही उतरत नाही. इतर कुणाकडे दोन-तीन वर्षं घेणारा दगड तिच्याकडे एका पावसाळ्यात हिरवा व्हायचा.

तिचे नियम मात्र कडक. दगडाकडून तुम्हाला काय हवंय ते तिला सांगायचं नाही. "दगडाला काय व्हायचंय ते दगड बघून घेईल," ती म्हणायची. "तुम्ही सांगून ठेवलंत की तो आशेला लागतो. मग ना धड हिरवा, ना धड काळा." आणि एकदा दिलेला दगड ती स्वतः देईपर्यंत मागायचा नाही. अर्ध्यावर काढला की दगड रुसतो.

शिवाय दगड तिला स्वप्नं दाखवत. कुठल्या दगडाचं कुठलं स्वप्न, हे तिलाही कळत नसे, पण केळी तळता तळता ती रात्रीचं स्वप्न गिऱ्हाइकांना सांगून टाकायची.

"इबू, माझ्या दगडाने काय दाखवलं?" एखादा रिक्षावाला विचारायचा.

"तुझा दगड नुसता घोरतो. मलाच झोपू देत नाही, स्वप्न कसलं दाखवतोय."

बासिर बाकाच्या टोकाला बसून हे ऐकायचा. त्याच्याकडे तेव्हा दगड नव्हता. अंगठी घालायची म्हणजे लोक बोटाकडे बघणार, मग तोंडाकडे बघणार. त्याला ते नको वाटायचं. पण बाचानच्या एका जुन्या खलाशाने जाता जाता एक खडा त्याच्या हातावर ठेवला. बासिरने तो घासून पॉलिश करून घेतला आणि घरी दार लावून त्याच्यावर बॅटरी मारली. काळ्या दगडाच्या पोटात धुकट हिरवा उजेड पसरला, आणि त्या उजेडात बेट उभं होतं.

कुठलंही बेट नव्हे. त्याचं बेट. खाली समुद्राची सरळ रेघ, वर डोंगर, आणि माथ्याला उजव्या बाजूला खाच.

बासिर आणि त्याचा थोरला भाऊ तालिब तरुण होते तेव्हा त्यांचं बेट रिकामं केलं गेलं. ज्वालामुखीचा डोंगर फुटणार, असं सरकारी माणसं सांगून गेली. सगळ्या गावाला नावांत बसवून मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावर नेलं. तालिब तिथेच राहिला, शेती करू लागला. बासिर तेर्नातेला आला. पुढे कधीतरी डोंगर खरंच फुटला आणि त्याच्या माथ्याची मोडतोड झाली, त्यामुळे आता तिकडे जाऊन जुना डोंगर बघायची सोय उरली नाही. उरला तो दोघा भावांचा वाद. नावेतून शेवटचं वळून पाहिलं तेव्हा माथ्याची खाच उजवीकडे होती, असं बासिर म्हणायचा. तालिब म्हणायचा, डावीकडे. ईदला भेटले की वाद, कुणाच्या लग्नाला भेटले की वाद. तालिबच्या सुना कंटाळून म्हणत, "दोन्हीकडे होती म्हणा आणि जेवायला बसा." पण दोघेही हटायचे नाहीत.

आणि आता हा दगड. अजून फार काळपट होता, बॅटरीशिवाय काही दिसत नव्हतं. थोडा पिकला असता, तर बेट उघड्या डोळ्यांना दिसलं असतं. तेवढ्यात गावात बातमी आली, की धक्क्यामागच्या खेळाच्या हॉलमध्ये दगडांचं मोठं प्रदर्शन भरणार आहे आणि त्यात चित्राच्या दगडांचा वेगळा वर्ग आहे. दगडात कोणाला गरुड दिसतो, कोणाला उंट. तसले दगड काचेच्या पेटीत ठेवतात, खाली चित्राचं नाव लिहितात. ते बासिरच्या मनात घर करून बसलं. काचेच्या पेटीत आपलं बेट, आणि समोर तालिब. बक्षिसाचा विचारही त्याने केला नाही. खाच कुठे होती ते तालिबने एकदा डोळ्यांनी बघावं आणि, जमलंच तर, दोघांनी मिळून घर पुन्हा एकदा बघावं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने दगड इबूच्या पुढ्यात ठेवला.

"अरे वा. तराजूवाल्यांनाही वेड लागलं म्हणायचं," इबू म्हणाली. ती त्याला तराजूवालेच म्हणायची.

"प्रदर्शनापर्यंत होईल का थोडा…"

"श्श. काही सांगू नका. नियम माहीत आहे ना?"

बासिरने तोंड मिटलं. तिने दगड तळहातावर घोळवला, दोरीला बांधून पोलक्यात सोडला आणि केळी उलटली.

मग महिने गेले. बासिरला एकच ओढ लागली होती, की आत काय चाललंय ते एकदा बघावं. पण दगड होता इबूच्या पोलक्याच्या आत. भर धक्क्यावर, खलाशांच्या आणि मासेवाल्यांच्या देखत, परक्या बाईला "जरा दोरी बाहेर काढा, मला बघायचंय" असं म्हणायचं कसं? तो घरून वाक्य जुळवून यायचा आणि बाकावर बसला की नुसती केळी मागायचा. तो केळी खायचा, ठेच्याने डोळ्यांत पाणी आणायचा आणि परत जायचा.

"रडताय कशाला?" इबू विचारायची. "ठेचा तोलून खायचा असतो, तुम्हाला कोणी शिकवलं नाही?"

त्या दिवसांत ती एक स्वप्न पुन्हा पुन्हा सांगायची.

"काल परत ती नाव. पाय घोट्यापर्यंत ओले. आणि मांडीवर कोंबडी."

"कापायची होती का?" नारळवाल्याने विचारलं.

"गप रे. कोंबडीच्या डोळ्यांवर मी हात ठेवलेला. असा, घट्ट."

"का पण?"

"तिला दिसू नये म्हणून."

"काय दिसू नये?"

"ते मला काय ठाऊक? कोंबडीला विचारायला हवं होतं," इबू म्हणाली, आणि सगळे हसले. बासिरही हसला. त्याचं अर्धं लक्ष पोलक्याआडच्या किणकिणीकडे होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी इबूने कढई पेटवलीच नाही. ती ठेवणीतला हिरवा केबाया, म्हणजे लांब पोलकं, घालून, डोक्याला नवा रुमाल बांधून हॉलच्या दारात उभी होती. इतके दगड तिच्या अंगावर वाढले, पण प्रदर्शन तिने कधी पाहिलं नव्हतं. बासिर येताच तिने हातरुमालाची पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. अजून ऊबदार होती.

"आयुष्यात असा दुसरा पिकला नाही," ती म्हणाली. "उघडून बघा की."

"तालिब आल्यावर. माझा थोरला भाऊ. पलीकडून येतोय," बासिर म्हणाला, आणि पुरचुंडी खिशात घालून त्याने वरून हात दाबून धरला.

तालिबची स्पीडबोट यायला अवकाश होता, म्हणून दोघे आत गेले.

आतलं ते बासिरला अजून आठवतं, पण जागेपणी पाहिलेल्या गोष्टीसारखं आठवत नाही. हॉलच्या खिडक्यांना पडदे लावले होते. लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, कापडांवर दगड, आणि माणसं त्यांच्यावर वाकून बॅटऱ्या मारत होती. प्रत्येक बॅटरीतून हिरवा उजेड उसळून वर जायचा. छतावर, भिंतींवर, माणसांच्या गालांवर हिरवे ठिपके हलत होते. सगळे हळू बोलत होते, हळू चालत होते. समुद्राच्या तळाशी बाजार भरला तर असाच भरेल, असं बासिरला वाटलं. इबू दोन्ही हात पाठीमागे धरून एकेका टेबलापाशी थांबत होती.

"हा बघा," ती कुजबुजली. "हा माझ्याकडे होता. फार खाज आणायचा." दोन पावलं पुढे. "हा आळशी. सुकलेल्या जमिनीगत पाणी प्यायचा आणि हिरवा व्हायचं नाव नाही. आता बघा कसा बसलाय पाटील होऊन." एका पेटीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. आतला दगड पोपटाच्या पिसासारखा होता. मालक केसांना तेल लावलेला गृहस्थ होता. त्याने तिला ओळखलं नाही.

"हात लावू नका हं, बाई," तो म्हणाला.

"नाही लावत," इबू म्हणाली. "जेवतो ना नीट?"

गृहस्थ बघतच राहिला. इबूची अर्धी भुवई वर गेली आणि ती पुढे सरकली.

तालिब आला तो दारातूनच बोलत आला. चार डोकी वळली. "कुठाय तुझी खाच? दाखव आधी. एवढं पाणी तोडून आलोय, पाठीची पार वाट लागली."

"हळू बोल," बासिर म्हणाला. "ह्या इबू. दगड ह्यांच्याकडे होता."

"नमस्कार. आमचा हा लहानपणापासून उजवं-डावं चुकतो. मशिदीतही डावा पाय आधी टाकायचा."

नोंदणीच्या टेबलापाशी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. "वर्ग कुठला, काका? साफ दगडाचा की चित्राचा?"

"चित्राचा," बासिर म्हणाला, आणि इतका वेळ जपलेली पुरचुंडी त्याने उघडली.

दगड पाण्यासारखा होता. हिरव्या, संथ, उथळ पाण्यासारखा. खालच्या रुमालाची वीण त्यातून दिसत होती. बासिरने बॅटरी लावली. उजेड या बाजूने शिरला आणि त्या बाजूने निघून गेला. वाटेत त्याला काही आडवं आलं नाही. समुद्राची रेघ नव्हती, डोंगर नव्हता, खाच नव्हती.

"बघितलंत?" इबू म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "एक डाग नाही."

बासिरने मान हलवली. "फार सुंदर झालाय," तो म्हणाला. तेवढ्यावर त्याला भागवायचं होतं. पण शेजारी तालिब होता.

"ह्यात बेट कुठाय?"

"राहू दे ना."

"राहू दे काय? फोनवर तूच म्हणालास, आपला डोंगर आहे, खाचेसकट आहे, ये आणि बघ. पिकला की दिसेल म्हणालास."

इबूने एकदा तालिबकडे पाहिलं, एकदा बासिरकडे. मग दगडाकडे. फुललेला चेहरा हळूहळू मिटत गेला.

"ह्यात चित्र होतं?" तिने विचारलं.

बासिरने बॅटरी विझवली.

"होतं का नाही?"

"होतं थोडंसं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुमचाच नियम होता, इबू."

"नियम गेला खड्ड्यात. चित्राचा दगड अर्धाच पिकवायचा असतो, हे काय मला कळत नाही? रोज येऊन समोर बसत होतात, केळी खात होतात. एकदा म्हणायचं होतं, दाखवा."

"कसं म्हणणार?" बासिर म्हणाला, आणि त्याची नजर नकळत तिच्या पोलक्याच्या गळ्याकडे जाऊन जमिनीवर पडली.

तालिबला ते सगळ्यात आधी कळलं. तो हसायला लागला. नोंदणीवाल्या बाईने तोंडाला रुमाल लावला. इबू मात्र हसली नाही. तिने खुर्ची ओढली आणि मटकन बसली. "मी तुमचा डोंगर घामाने धुऊन टाकला," ती म्हणाली, स्वतःशीच.

"काका, साफच्या वर्गात लिहू का?" बाईने हळूच विचारलं. "असा साफ दगड आज एकही आला नाही."

बासिर हो म्हणणार होता. पण तालिब टेबलावर वाकला. "चित्राच्याच वर्गात लिहा."

"पण चित्र नाहीये, काका."

"होतं. माझा भाऊ गप्प बसतो, पण खोटं बोलत नाही. लिहा."

"चित्राचं नाव?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. "घर," तालिब म्हणाला.

असा तो दगड गरुड आणि उंट यांच्यामध्ये काचेच्या पेटीत बसला, खाली चिठ्ठी: घर. तिघांनी समोर खुर्च्या टाकल्या. इबू खालमानेने रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. माणसं यायची, वाकायची, बॅटरी मारायची आणि बुचकळ्यात पडायची.

"ह्यात काय आहे?"

"डावीकडे बघा," तालिब सांगायचा. "वर, माथ्याला. खाच आहे."

"उजवीकडे," बासिर म्हणायचा.

एका म्हाताऱ्याने बराच वेळ पाहून सांगितलं, की त्याला मशीद दिसतेय. कडेवर मूल असलेल्या एका बाईला काहीच दिसलं नाही, पण ती म्हणाली, छान गार वाटतं बघून. परीक्षक पांढरे हातमोजे घालून आले, चिठ्ठी वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि उंटाकडे वळले. बासिरला वाईट वाटायला हवं होतं. पण शेजारी तालिब होता, पेटीत हिरवा उजेड होता, आणि दोघे जन्मात पहिल्यांदा एकाच दिशेला बघत भांडत होते. भांडणाचा शेवट करणारी वस्तू गेली, याचं तालिबला तर बरंच वाटत असावं.

"दिसलं असतं तर पंचाईत होती," तो म्हणालाही. "मग पुढच्या ईदला बोलायचं कशावर?"

दुपारी बासिरने आल्याचं गरम पाणी आणलं, वर कनारी नावाच्या बदामाचे तुकडे घातलेलं. इबूने पेला घेतला, पण प्यायली नाही.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तालिब तिला म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "इतके महिने तुमच्या अंगावर होता. तुम्हालाच काही दिसलं असेल. हा म्हणत होता, तुम्हाला स्वप्नं पडतात. बेट दिसलं का कधी? खाच कुठल्या बाजूला होती, सांगून टाका, जे असेल ते मी मानतो."

इबूने डोळे मिटले. ती खरंच शोधत होती.

"बेट नाही दिसलं," ती शेवटी म्हणाली. "नाव दिसायची. पण मी पाठ करून बसलेली असायचे, पुढे तोंड करून. पाय ओले. आणि मांडीवर कोंबडी, तिचे डोळे झाकलेले."

तालिबच्या हातातला पेला तसाच राहिला.

बासिरला आधी काही उमगलं नाही. त्याच्या आठवणीत नुसता डोंगर होता. नावेत कोण कसं बसलं होतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो वळून मागे बघत होता.

"आई," तालिब म्हणाला. "आई बेटाकडे पाठ करून बसली होती, बासिर. ती एकदाही वळली नाही. तांबडी कोंबडी होती मांडीवर. मी म्हटलं, आई, तिचे डोळे का झाकलेस? तर म्हणाली, बघितलं तर ती परत पोहत जाईल."

छतावरचे हिरवे ठिपके हलत होते. मग तालिबने डोळे पुसले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो, इबू?"

"मी? मी कढईच्या मागची," इबू म्हणाली. तिने पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

संध्याकाळी पेट्या उघडल्या. तालिबला स्पीडबोट गाठायची होती. जाताना तो दगड हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला, मग बासिरच्या मुठीत देऊन निघून गेला. बासिर इबूबरोबर धक्क्यापर्यंत चालत आला. तिथे त्याने दगड तिच्यापुढे धरला.

"आता काय करायचंय ह्याचं?" ती म्हणाली. "पिकायचं काही राहिलं नाही."

"राहू दे तुमच्याकडेच."

"कशाला?"

इबूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी बासिरनेही नजर खाली घातली नाही. तिने दगड घेतला, दोरीला बांधला आणि पोलक्यात सोडला.

पुढे दगडांचं वेड आलं तसं ओसरलं. लोकांनी अंगठ्या काढून डब्यात टाकल्या. काहींनी आपले दगड नेले, काही विसरले. इबूच्या वाकण्यातली किणकिण कमी कमी होत गेली. बासिर बाकाच्या टोकाला बसून केळी खायचा, आणि त्याच्या मनात एक विचार घोळायचा. ते स्वप्न दगडाने दाखवलं असेल, तर तसंही असो. पण त्या दिवशी नावा कितीतरी होत्या, आणि सगळ्याच बायकांनी कोंबड्या बरोबर घेतल्या होत्या. कोणी एखादी पोरगीही पुढे तोंड करून बसली असेल. तिला मोठेपणी झोपेत ते दिसत असेल, आणि ती ते लोकांच्या दगडांवर ढकलत असेल. तालिबने विचारलं तेव्हा तिने हसण्यावारी नेलं होतं. आपण नीट विचारलं तर सांगेल. इबू, तुम्ही आमच्या बेटावरच्या का? एवढंच वाक्य होतं. ते तो कितीदा घरून जुळवून आला, आणि कढईपुढे बसल्यावर त्याने प्रत्येक वेळी ठेचा मागितला.

इबू गेल्यावर तिच्या भाचीने दोरीवरचे राहिलेले दगड ज्याचे त्याला पोचवले, त्यात त्याचाही आला. तो आता त्याच्या खिडकीत असतो. पण शेवटच्या दिवशी तो तिच्याच गळ्यात होता. ती चूल फुंकायला वाकली तेव्हा किणकिण जेमतेमच झाली, कारण दोरीवर त्याच्याजवळ वाजायला दुसरा फारसा कोणी उरला नव्हता. त्या दिवशीही बासिर वाक्य घेऊनच आला होता. इबूने पुडी बांधून त्याच्या हातात दिली.

"ठेचा कमी घातलाय," ती म्हणाली. "उद्या येताय ना?"

"उद्या शुक्रवार. नमाजाला जायचंय."

"मग परवा या. घड सगळा एकदम पिकायला लागलाय, फार दिवस थांबायचा नाही."

"परवा येतो," बासिर म्हणाला.